दुसऱ्यातून तिसऱ्यात

चौक्याची चढण चढताना परशुराम केळुसकरने गाडी दुसऱ्या गियरमधून तिसऱ्यात टाकली आणि खालून कुठूनतरी ‘कर्र’ असा आवाज आला. फार मोठा नव्हता. शेजारी बसलेल्या किशोरीने, म्हणजे त्याच्या बायकोने, मोबाइलमधून मान वर काढली नाही. मागच्या सीटवर आई पेंगत होती, ती पेंगतच राहिली. परशुरामचे कान मात्र टवकारले गेले. ही गाडी त्याने जुनी म्हणूनच घेतली होती. तेव्हा त्याची मुलगी अनुजा बालवाडीत जात होती आणि आता ती कणकवलीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. एवढ्या काळात गाडीचे सगळे आवाज त्याला तोंडपाठ झाले होते. मागची डावी काच खडखडते ती खड्ड्यांमुळे नाही, आतलं रबर गेल्यामुळे. ब्रेक सकाळी एकदा कुरकुरतो आणि मग दिवसभर गप्प बसतो. पंखा जोरात लावला की शीळ घालतो. हे सगळे घरचे आवाज होते, त्यांचं त्याला काही वाटत नसे, उलट त्यांच्यावाचून गाडी सुनी वाटली असती. पण हा आवाज घरचा नव्हता. त्याने रेडिओ बंद केला, काच वर केली, चढण संपल्यावर उगाच पुन्हा दुसरा टाकला, पुन्हा तिसरा टाकला. आता काही नाही. “काय झाला?” किशोरीने विचारलं. “काय नाय,” तो म्हणाला. काही झालं की ‘काय नाय’ म्हणायचं ही त्याची लग्नाआधीपासूनची सवय होती आणि किशोरीनेही ती आता घरातल्या एखाद्या जुन्या खुर्चीसारखी स्वीकारली होती.

कट्ट्याला साखरपुडा होता. मांडवात पेढा हातात घेऊन बसला तरी परशुरामच्या कानात तो ‘कर्र’ चालूच. गियरबॉक्स गेला तर? गाडी जुनी, या मॉडेलचे भाग आता मिळत नाहीत, सगळे सांगणार की काढून टाक. आणि गाडी काढून टाकायची म्हणजे नक्की काय काढून टाकायचं, हे त्याला आतल्या आत ठाऊक होतं. तो ओरोसच्या कचेरीत जमिनींचे नकाशे काढायचा, पण कचेरीतला परशुराम केळुसकर कोणाला फारसा माहीत नव्हता. वायरीतल्या वाडीला माहीत होता तो गाडीतला परशुराम. कोणाला अवेळी कळा लागल्या, ‘परशुरामाक सांग.’ गणपतीला चाकरमानी कुडाळ स्टेशनवर उतरणार, रिक्षावाले भाव खाणार, ‘परशुरामाक सांग.’ म्हाताऱ्यांचे डोळे, पोरांच्या परीक्षा, नव्या नवरीचं माहेरपण, सगळं या गाडीतून गेलं होतं. लहानपणी तो मुखदुर्बळ होता, चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याची बोबडी वळायची, आणि स्टिअरिंगमागे बसल्यापासून त्याला कोणाशी काही बोलावंच लागलं नव्हतं. तो नेत होता आणि आणत होता, आणि लोक त्याच्या नावाने एकमेकांना धीर देत होते. एवढं पुरे होतं त्याला. पेढा विरघळून तळहाताला चिकटला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की अंगठ्या घालून झाल्या आणि लोक जेवायला उठलेत.

मग सुरू झालं ते कान लावून जगणं. तो आवाज रोज येत नसे, हेच वाईट. एखादा दिवस कोरडा जायचा, परशुरामला वाटायचं की भास झाला असेल, आणि कसालच्या तिठ्यावर भर वाहनांत ‘कर्र’. तो एकटा असला की येई, गाडीत कोणी बोलत असलं की त्या बोलण्याच्या आड लपून येई. सकाळी कचेरीला जाताना कमी, संध्याकाळी परतताना जास्त. तेल गरम झाल्यावर पातळ होतं, तेव्हा वाजत असेल, असं त्याने ठरवून टाकलं. किती सहज ठरवून टाकलं! पुढे पुष्कळ दिवसांनी हे आठवलं की त्याला स्वतःचीच कीव यायची, कारण संध्याकाळी दमतं ते काही फक्त तेल नसतं. पण त्या दिवसांत त्याचं सगळं लक्ष बॉनेटच्या आत होतं. जेवताना किशोरी काहीतरी सांगत असायची आणि तो डावा पाय टेबलाखाली हळूच दाबून बघायचा, हात हवेत पुढे सरकवायचा, आणि आमटीच्या वाटीत बघत आवाजाची वाट बघायचा. “भात घेतास काय गाडी चालवतास?” ती विचारायची. अनुजा हसायची. तोही हसायचा, आणि त्या हसण्यात पाय दाबलेलाच असायचा.

आईने निदान पहिल्या दमात केलं. सत्यवतीबाईंना निदान करायला वेळ लागत नाही, मग ते म्हशीचं असो की सुनेचं. “आवाज पयलो खंय इलो?” तिने विचारलं. चढणीवर, त्याने सांगितलं. “चढणीरच मा? थंय राखणदार आसा. आधी होर्न मारी होतंस, थांबी होतंस. आता भुरकन जातंस. मगे तो काय गप ऱ्हवतलो?” चढणीच्या वळणावर सातवीणीच्या झाडाखाली शेंदूर न लावलेला एक साधा दगड आहे, वाटेचा राखणदार. जाणारे-येणारे हॉर्न वाजवतात, कोणी विडी ठेवतात. परशुरामला असल्या गोष्टींचं वावडं नव्हतं आणि वेडही नव्हतं. तो आईला घेऊन गेला. तिने दगडापुढे विडी ठेवली, नारळ ठेवला आणि हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, “बा राखणदारा, ह्या झिलान तुझी आठवण ठेवक नाय, काय चुकला-माकला आसात तां पोटात घाल, गाडयेचो आवाज थंयच्या थंय गप कर, आणि ह्येच्या हातापायाक बळ दी रे म्हाराजा.” “व्हय म्हाराजा,” परशुराम म्हणाला. हातापायांचं ती नेहमीच म्हणायची, वाढदिवसालाही म्हणायची. त्यामुळे ते त्याच्या कानांना वेगळं लागलं नाही. गंमत म्हणजे त्या दिवसापासून आवाज बंद झाला. देवाला सांगून आल्यावर माणूस जरा सावरून बसतो, पाय जरा मनापासून टाकतो. तेवढ्याने झालं असणार. पण आईने ते वाडीभर केलं. आणि मग एका संध्याकाळी, मासळीबाजाराच्या वळणावर, आई शेजारी बसलेली असताना, ‘कर्र’. आईने खिडकीबाहेर बघितलं. आवाज तिलाही ऐकू आला होता, पण राखणदाराची बाजू सोडायला ती तयार नव्हती.

शेवटी तो कुडाळला बाबलीकडे गेला. बाबली म्हणजे त्याच्या शाळेतला, एकाच बाकावरचा. गॅरेज चांगलं चालतं आणि त्याचा अभिमान तो लपवत नाही. गाडी बघायच्या आधीच त्याने रोग सांगितला, आतल्या पितळी रिंगा झिजल्या, गियरबॉक्स उतरवायला लागणार. मग तेल काढून बोटांत चोळून बघितलं तर त्यात पितळेची कणीसुद्धा नाही. तेव्हा त्याने तेच निदान न लाजता मागे घेतलं आणि क्लचची केबल ओढून घट्ट केली. आठवडाभर गाडी मुकाट चालली. परशुरामने त्या आठवड्यात अनुजाला कॉलेजच्या बसला सोडताना शीळही घातली. मग पुन्हा सुरू. पुन्हा कुडाळ. “तू चालव, मी ऐकतंय,” बाबली म्हणाला आणि शेजारी बसला. पिंगुळीच्या रस्त्याला लागताच दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना गाडी अशी ओरडली की रस्त्याकडेची कोंबडी उडाली. “बघलंस?” परशुराम म्हणाला. त्याला जवळजवळ आनंद झाला होता, इतक्या दिवसांत पहिल्यांदा साक्षीदार मिळाला. “उतर,” बाबली म्हणाला. “आता मी चालवतंय. तू बस थंय.”

परशुराम डाव्या बाजूला बसला. बाबलीने पहिला टाकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला. काही नाही. जोरात टाकला, हळू टाकला, चढावर टाकला, उतारावर टाकला. गाडी लोण्यातून सुरी गेल्यासारखी गियर घेत होती. बाबली खुशीत आला. “तुझी गाडी माका भियाता, परशुराम! हात बघलंस मा माझो?” परशुराम हसला नाही. त्याने डोळे मिटले होते. इतके दिवस ज्या आवाजाच्या नावाने तो कोमेजून जात होता, त्याचीच तो आता आतून विनवणी करत होता. ये. एकदा तरी ये. या माणसाच्या हातून वाज. रिंगा झिजलेल्या असू देत, गियरबॉक्स फुटलेला असू दे, ही गाडी भंगारात जाऊ दे, पण गाडीतच काहीतरी असू दे. बाबली पुढे निघालेल्या बसला मागे टाकायला पुन्हा दुसऱ्यात आला आणि परत तिसऱ्यात गेला, आणि त्या गुळगुळीत शांततेत परशुरामला आपल्या डाव्या पिंढरीत एक बारीक मुंगी चालताना जाणवली. ती आजची नव्हती. ती कधीची चालत होती, पण तो बॉनेटमध्ये कान घालून बसला होता. त्याने पाय चटईवर दाबला. उजवा दाबला. पुन्हा डावा दाबला. आणि त्याला बाबा दिसले.

हरिश्चंद्र केळुसकर तांडेल होते, मोठ्या होडीचे. त्यांची अर्धी बाजू गेली तेव्हा परशुराम ओठांवर मिसरूड फुटायच्या वयाचा होता. त्याआधी कितीतरी दिवस त्यांच्या हातून वल्ह्याची मूठ निसटायची, आणि ते सुताराला शिव्या द्यायचे, मूठ नीट तासली नाही म्हणून. नवी मूठ करून घेतली होती त्यांनी. ती नवी मूठ पुढे कधी वापरली गेली नाही. मग ते पडवीत बसले ते बसलेच. होड्या समोरून जायच्या, ते इथून ओरडून वारा कुठून आहे ते सांगायचे, आणि होडीवरचे लोक हात वर करून ‘व्हय, व्हय’ म्हणायचे आणि त्यांना हवं तिकडेच जायचे. परशुरामला वडिलांची फार माया होती, पण त्या पडवीची त्याला जन्मभर भीती वाटत आली. नेणारा-आणणारा माणूस बसून राहिला की लोक त्याला ‘व्हय, व्हय’ म्हणतात. बाबलीने गाडी गॅरेजपुढे थांबवली, चावी हातात दिली, आणि पहिल्यांदाच विनोद न करता म्हणाला, “परशुराम, गाडयेत काय नाय रे.” त्याच्या स्वरावरून कळलं की त्यालाही काहीतरी कळलं होतं, आणि ते बोलून दाखवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तेवढ्यासाठी परशुराम त्याचा कायमचा ऋणी राहिला.

घरी परतताना तो धामापूरमार्गे अगदी सावकाश आला. प्रत्येक गियरला त्याने डाव्या पायाकडे बघितलं. मनावर घेऊन दाबला की गाडी गप्प. मन जरा इकडेतिकडे झालं की पाय अर्ध्यात थांबायचा, क्लच पुरता सुटायचा नाही आणि गाडी ओरडायची. एवढं सोपं होतं. गाडी तिचं कुठे दुखतंय ते सांगत नव्हती, त्याचं कुठे दुखतंय ते सांगत होती, आणि तो तिलाच तेल पाजत होता. खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उतरून पायरी चढताना त्याची डावी चप्पल खाली राहिली. किशोरी दारात होती. ती खाली आली आणि तिने चप्पल उचलली, इतक्या सवयीने की तो पायरीवरच थांबला.

“ही आधी पण पडा होती?” त्याने विचारलं.

“पडता मा. चलतास तेवा मागे ऱ्हवता. सैल झाली म्हणान बाजारात जावन दोनदा टाचून हाडलंय.”

“डावीच कित्याक?”

“तीच पडता.” बोलता बोलता ती थांबली. चप्पल तिच्या हातात होती. तिने ती उलटीसुलटी करून बघितली. नवीन टाके घट्ट होते, त्यात बोटसुद्धा शिरलं नसतं.

“कधीपासून?”

“गणपतीच्या आधीपासून.”

“मगे सांगलंस नाय?”

“काय सांगतलंय? चप्पल सैल झाली म्हणान? तुमी माका आवाजाचा सांगलास?”

तो गाडी दुरुस्त करत होता आणि ती चप्पल. दोघंही एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प. त्याला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले, आणि ते तिच्यापासून लपवायला त्याने तोंड फिरवलं नाही, हेही नवीनच होतं. मग तिने त्याला भिंतीला हात टेकवून उभं केलं. माळ्यावरचा डबा काढताना माणूस चवड्यांवर उभा राहतो तसं राहायला सांगितलं. उजवी टाच वर गेली. डावी जमिनीला चिकटून राहिली. “परत करा,” ती म्हणाली. “होना नाय,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ‘काय नाय’ म्हटलं नव्हतं. किशोरीने जमिनीवर बसून त्याची टाच दोन्ही हातांनी उचलून बघितली, जणू ती कुठे अडकली आहे ते तिला शोधायचं होतं.

डॉक्टरांपुढे मात्र त्याची जुनी बोबडी वळली. “काय होतंय?” डॉक्टरांनी विचारलं, आणि कचेरीतली शुद्ध भाषा गोळा करून तो म्हणाला, “दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना आवाज येतो.” डॉक्टर क्षणभर त्याच्याकडे आणि मग किशोरीकडे बघत राहिले. तिने डोक्याला हात लावला आणि सगळं नीट सांगितलं, चपलेपासून. कमरेत एक चकती सरकून पायाच्या नसेवर बसली होती. बाबांसारखं ते नव्हतं, डोक्यातलं नव्हतं. हे ऐकल्यावर परशुरामला एवढं हलकं वाटलं की पुढचं अर्धं त्याला ऐकूच आलं नाही. नस बरेच दिवस दबलेली आहे, डॉक्टर सांगत होते, अजून वेळ गेला असता तर ताकद परत आली नसती, आता येईल, सगळी येईल असं वचन देत नाही, पण वेळेवर आलात. वेळेवर आलात! त्या दोन शब्दांना त्याने मनातल्या मनात हात जोडले. गोव्यात ऑपरेशन झालं. गुंगीतून बाहेर येताना त्याला आठवलं की त्या आवाजाला त्याने किती शिव्या दिल्या होत्या. आता खाटेवर पडल्या पडल्या त्याला एकेकाचे आभार मानावेसे वाटत होते, आणि ते मानायला तोंडही उघडत होतं, हे विशेष. किशोरीला तो म्हणाला, “तू चप्पल टाचलंस म्हणान कळला.” ती म्हणाली, “गप पडा.” बाबलीला फोनवर म्हणाला, “तू बरो चलवलंस रे.” आई भेटायला आली तिला म्हणाला, “तुझ्या राखणदारान ऐकला गो.” आईने मान हलवली, यात नवीन काय, अशी.

ऑपरेशननंतर व्यायामासाठी त्याला कुडाळला जावं लागायचं, आणि गाडी चालवायची ती अनुजाने. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकली होती, परवानाही होता, पण या गाडीच्या स्टिअरिंगला तिला त्याने कधी हात लावू दिला नव्हता. पहिल्या दिवशी तिने गाडी बाहेर काढली तेव्हा वाडीतले लोक कुंपणापाशी आले. त्याला वाटलं, आता बघणार, आता ‘व्हय, व्हय’ सुरू होणार. पण शेवंतीआजीने खिडकीत वाकून विचारलं ते अनुजाला, “गो, तू येत्या आयतवारी माका कणकवलेक सोडशीत? डोळे दाखवूक जावचा आसा.” आणि अनुजाने त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, “सोडतली, सोडतली.” आपल्याला वाईट वाटेल अशी त्याने तयारी ठेवली होती, ती फुकट गेली. उलट त्याला एकदम भरून आलं. वाडीचं त्याच्यावाचून अडणार नव्हतं, ही इतकी चांगली गोष्ट असू शकते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

गाडी रस्त्याला लागली. अनुजा गियर बदलायची आणि त्याचा डावा पाय आपोआप चटई दाबायचा. “बाबा, कलच हयसर आसा, माझ्याकडे,” ती म्हणाली, आणि दोघंही हसले. पण पाय ऐकेना. तो दाबायचा, कधी उशिरा, कधी अर्धा. डावीकडे बसल्यावर धामापूरचा रस्ता वेगळाच दिसत होता. काजूच्या बागा इतक्या जवळून त्याने कधी बघितल्या नव्हत्या, आणि तलावावरून येणारा गार वारा आता त्याच्याच बाजूने आत येत होता. तळ्याच्या पुढच्या चढावर अनुजा दुसऱ्यात आली. गाडीने वेग घेतला, इंजिन चढ्या आवाजात बोलू लागलं, आता तिसरा टाकायला हवा होता, ती टाकेना. इंजिन आणखी ओरडलं. टाक ना, त्याच्या ओठांवर आलं. शिकवलंय काय या पोरीला त्या स्कूलमध्ये? आणि मग त्याने बघितलं. तिची नजर क्षणभर रस्त्यावरून उतरली होती, त्याच्या डाव्या पायाकडे, आणि लगेच परत गेली होती. तिचा हात गियरवर तयार होता. ती थांबली होती. मघापासून प्रत्येक वेळी ती थांबतच आली असावी, आणि तो तळं बघत बसला होता. परशुरामने श्वास घेतला. पायाला सांगितलं. टाच चटईवर रोवली गेली, चवडा हळूहळू पुढे गेला, आणखी थोडा, आणि बोटांखाली चटईचं रबर दबलं, शेवटपर्यंत दबलं, हे त्याला स्पष्ट जाणवलं. अनुजाने तिसरा टाकला. कसलाही आवाज आला नाही.